‘बघतो’ म्हणणारे तात्या

माझी कादंबरी छापायला गेली आणि प्रकाशकांकडच्या संपादकांचा फोन आला. संपादक वयाने माझ्या विद्यार्थ्यांएवढे आहेत, पण बोलतात हेडमास्तरांसारखे. म्हणाले, ‘‘मॅडम, पुस्तक यायच्या आधी नायकाची ओळख करून देणारं काहीतरी लिहून द्या. वय, रूप, शस्त्र, शक्ती. वाचकाला नायक आधी भेटला पाहिजे.’’ सोबत मुखपृष्ठाचं चित्र पाठवलं होतं. त्यात काळा झगा घातलेला एक उंचापुरा माणूस, दंडावर बेटकुळ्या, हातात तलवार, खांद्यावर कावळा. ते बघून मी खूप हसले आणि मग मला रडू आलं. या वयात दोन्ही लागोपाठ होतं.

कादंबरी अंधाऱ्या जगातली आहे. त्या नगरात सूर्य उगवत नाही. घराघराच्या छपरावर कावळे बसलेले असतात, आणि प्रत्येक कावळा म्हणजे काहीतरी मागायचं राहून गेलेला मेलेला माणूस असतो. नगरातली माणसं खिडक्या लावून घेतात. एकच माणूस त्या कावळ्यांचं ऐकतो, आणि ऐकलं की त्या मागण्याचं ओझं त्याच्या पाठीवर येऊन बसतं. त्याचं नाव मी बघ्या ठेवलं आहे. संपादकांना ते पसंत नाही. ‘‘बघ्या म्हणजे रस्त्यात अपघात झाला की हाताची घडी घालून उभा राहणारा. नायकाला असलं नाव?’’ मी म्हटलं, असेल तुमच्या मराठीत तसं. मी ज्या माणसाला ओळखत होते त्याच्या तोंडी ‘बघतो’ या शब्दाचा अर्थ वेगळा होता.

तर ही ओळख त्यांची. भिकातात्यांची.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी पंचवटीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवत होते आणि मखमलाबाद रस्त्याला तात्यांच्या घराच्या माडीवर भाड्याने राहत होते. खाली तात्या, काकू आणि त्यांचा एकुलता एक मुलगा विलास. घरामागे त्यांचा मळा. झेंडू, शेवंती, निशिगंध. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईने देवापुढे पदर पसरून यांना मागून घेतलं, म्हणून नाव भिका. तात्या उंचीला माझ्याएवढेच होते, म्हणजे तुम्हीच अंदाज करा. पांढरा लेंगा, पांढरी टोपी, आणि बोटं बारा महिने झेंडूने पिवळी. काळा कपडा त्यांनी अंगाला लावल्याचं मला आठवत नाही. शस्त्र म्हणाल तर फुलं तोडायची छोटी कात्री. तीही बहुतेक वेळा हरवलेली असायची आणि काकू ती शोधत असायच्या.

पहाटे ते सायकलवर पाट्या बांधून गंगेवर जायचे. नाशिकात गोदावरीला गंगाच म्हणतात. रामकुंडाच्या अंगाला त्यांची फुलांची बसायची जागा होती. चहा बशीत ओतून प्यायचे, आणि कितीही घाई असली तरी दोन बश्यांशिवाय उठायचे नाहीत. बोलणं कमी. मला ‘बाई’ म्हणायचे. माझ्या मोरीचा नळ गळत होता म्हणून पहिल्याच महिन्यात मी त्यांना सांगायला गेले, तेव्हा ते थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, ‘‘बघतो.’’

आता तुम्हाला माहीत आहे, मराठी माणूस ‘बघतो’ म्हणाला की काम व्हायचं नाही असं समजायचं असतं. नकार द्यायची ती आपली गोड रीत आहे. मी मुकाट्याने नळाखाली बादली लावली. संध्याकाळी शाळेतून आले तर नळ नवा होता. पुढे कधीतरी मी भिंतीत एक खिडकी पाडून द्या म्हटलं, तर ते तोंडावर म्हणाले, ‘‘नाय.’’ मला राग आला. पण काही दिवसांत समजलं की या माणसाकडे दोनच शब्द आहेत. निवडणुकीत उभे असलेले एक पुढारी हात जोडून दारात आले होते. सगळी आळी ‘बघू की, बघू की’ म्हणत होती. तात्या म्हणाले, ‘‘तुमाला नाय देनार.’’ पुढाऱ्यांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं. काकूंनी घाईघाईने चहा ठेवला. तात्या म्हणाले, ‘‘च्या घ्या की. च्याला मी नाय म्हनलं का?’’

त्यांची खरी कीर्ती मात्र दहाव्याची होती, आणि ती सुरू झाली हौसापासून.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की सगळी कशी हवालदिल होतात ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय असं समजतात आणि एकेक जण पुढे होऊन शब्द देतो. तुझ्या पोरीचं लग्न करू. भावाभावांत भांडणार नाही. गंगेवरचे कावळे म्हणजे रोज पंगती झोडणारे, पोट भरलेले, त्यामुळे ते आणखीनच ताणून धरतात. हौसाच्या सासूच्या दहाव्याला हेच झालं. ही मंडळी इगतपुरीकडची. ऊन चढलं, मुलांनी सुचेल तेवढं सगळं कबूल केलं, कावळे भिंतीवर बसून माना वाकड्या करत होते. तात्या फुलं देऊन रिकाम्या पाटीसाठी थांबले होते. त्यांना दिसलं की एक बाई सगळ्यांपासून लांब, भिंतीला टेकून एकटी उभी आहे. त्यांनी विचारलं, ‘‘ती कोन?’’ कोणीतरी म्हणालं, ‘‘आमची वहिनी. म्हणजे होती. भाऊ दुसरी करून गेला, आई होती म्हणून ही घरात होती.’’ तात्यांनी टोपी काढली, पिंडापुढे हात जोडले आणि म्हणाले, ‘‘आजे, तुज्या सुनंचं मी बघतो.’’

कावळा उतरला. मी विज्ञानाची शिक्षिका, मला विचाराल तर कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. पण पुढच्या आठवड्यात भर पावसात काकूंची छत्री घेऊन हा माणूस इगतपुरीकडच्या त्या गावात जाऊन उभा राहिला. दीर लोक चकित झाले. थोरला म्हणाला, ‘‘अहो, ते तेव्हा म्हणायचं असतं.’’ तात्या म्हणाले, ‘‘मंग आता काय म्हनायचं असतं?’’

हौसा ट्रंक घेऊन त्यांच्याबरोबर निघाली. तात्यांनी तिला मळ्याच्या कडेची खोली दिली आणि माळा ओवायचं काम दिलं. हे सगळं मला तिनेच माळा ओवता ओवता सांगितलं. सांगताना ती हसायची. म्हणायची, ‘‘मला वाटलं येडा हाय म्हातारा. त्याच्या येडेपनावर माजं पोट हाय, बाई.’’

मग ही गोष्ट गंगेवर पसरली. कावळा शिवेना की कोणीतरी फुलांच्या रांगेकडे धावत यायचं. गुरुजींनाही ते सोयीचं होतं, त्यांना पुढचा दहावा असायचा. तात्या जायचे, घरच्या लोकांना दोनचार प्रश्न विचारायचे, आणि जमण्यासारखं असेल तरच बोलायचे. कधी कधी ते मान हलवून परत यायचे. मग गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला टेकवायचे आणि सुटका करून घ्यायचे. तात्यांना ते सहन व्हायचं नाही. ‘‘त्याच्या पोटात काय जानार? गवत त्ये,’’ असं पुटपुटत ते फुलांकडे वळायचे.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, ‘‘तात्या, कावळा भूक लागली की येतो. तुमच्या शब्दाने येतो असं तुम्हाला खरंच वाटतं?’’

‘‘भुकंनंच येत आसंल,’’ ते म्हणाले.

‘‘मग कशाला एवढं जिवाला लावून घेता?’’

त्यांनी दुसरी बशी भरली. ‘‘बाई, जित्या मानसाला दिलेला शबूद मोडला तर तो दारात येऊन शिव्या तरी घालंल. मेलेला कुटं जानार तक्रार घिऊन?’’

मी वर्गात हे वाक्य कधी सांगितलं नाही, पण माझ्या कादंबरीचा पाया हाच आहे.

या शब्दांपायी त्यांनी जे काय केलं त्यातलं काही हसण्यासारखंही होतं. जुन्या नाशकातले एक कंपाउंडर वारले. त्यांच्या घरी दर गुरुवारी भजन असायचं. त्यांच्या दहाव्याला कोणाच्याच बोलण्याला कावळा दाद देईना, तेव्हा तात्या बोलून गेले, ‘‘तुमचं गुरुवारचं भजन मी चालू ठिवतो.’’ कावळा आला. आणि मग तात्यांच्या लक्षात आलं की आपल्याला गाता येत नाही. गाता येत नाही हे मी सभ्यपणे म्हणते आहे. सूर राहू द्या, टाळसुद्धा त्यांच्या हातात पडला की सैरभैर व्हायचा. मंडळींनी विनवलं, ‘‘तात्या, तुम्ही नुसते बसत जा.’’ तात्या म्हणाले, ‘‘नुस्तं बसून चालू ठिवल्यासारकं व्हत न्हाई.’’ तबलजी मुलाकडे राहायला गेले ते खरं तर याच कारणाने, असं लोक म्हणत. एकेक करत सगळे पांगले. शेवटी कंपाउंडरांच्या ओसरीवर पेटीवाले आजोबा आणि तात्या, दोघंच. आजोबा वाजवत आणि तात्या चुकत. वर्षानुवर्षं. एका गुरुवारी मी गेले होते. आजोबांनी मधेच पेटी थांबवली आणि म्हणाले, ‘‘भिका, तुझं लय वाईट आहे रे. पण येत जा.’’

हसण्यासारखं असं लांबून बघणाऱ्याला वाटतं. घरातून ते तसं दिसत नसे. तात्या दुपारी फुलं संपवून घरी येण्याऐवजी कुठल्या तरी गेलेल्या म्हातारीच्या अपंग लेकाला दवाखान्यात न्यायचे. कोणाच्या विधवेचं रॉकेल आणायला रांगेत उभे असायचे. दिंडोरीला एका मेलेल्या गवंड्याच्या पोरीच्या शाळेत पालक म्हणून जायचे. काकू सुरुवातीला चेष्टेवर न्यायच्या. ‘‘घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं,’’ म्हणायच्या. मग म्हणायच्या, ‘‘लष्कराच्या भाकऱ्या भाजायला यांना तवा माझाच लागतो.’’ मग काहीच म्हणेनाशा झाल्या. काकू वाईट बाई नव्हत्या. हौसाला त्यांनी कधी कमी जास्त बोलून दाखवलं नाही. त्यांना फक्त आपला नवरा दुपारच्या जेवणाला घरी हवा होता. ते ताट त्या झाकून ठेवायच्या, आणि चारच्या सुमाराला उघडून गाईला घालायच्या.

विलास शांत मुलगा. आईवर गेलेला. शाळेत माझ्याच वर्गात होता, पहिल्या दहात यायचा. बक्षीस समारंभाला तात्या आले नाहीत, टायफॉइड झाला तेव्हा रात्रंदिवस उशाशी बसले पण गुरुवार संध्याकाळी उठून भजनाला गेले. मुलगा काही बोलायचा नाही. कॉलेज झाल्यावर त्याने नोकरीच्या मागे न लागता मळा अंगावर घेतला. ठिबक आणलं, फुलांचं घेणं देणं दिंडोरीपर्यंत वाढवलं. तात्यांनी बघतो म्हणायचं आणि मळा विलासने बघायचा, असं ते घर चाललं होतं. मला त्या दोघांविषयी सारखीच माया होती, आणि कोणाची बाजू घ्यावी ते कधी कळलं नाही.

सिंहस्थ झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. दसऱ्याचा आदला दिवस. झेंडूवाल्याच्या घरी त्या दिवशी कोणी जेवत नाही, बसत नाही. मला सुट्टी होती म्हणून मीही अंगणात हौसाबरोबर माळा ओवत होते. तात्या आणि विलास पाट्या भरत होते. तेवढ्यात स्कूटरवर एक माणूस आला. गंगेवर दहावा खोळंबलाय, तात्यांना घेऊन चला म्हणून. तात्यांनी पाटी खाली ठेवली आणि हात झटकले.

विलास म्हणाला, ‘‘तात्या, आज नका जाऊ.’’

‘‘आलोच.’’

‘‘तुम्ही आलोच म्हणता तेव्हा येत नाही. तुम्ही फक्त बघतो म्हणता तेव्हा बघता.’’ त्याचा आवाज चढलेला नव्हता. ‘‘मग मला म्हणा. एकच मागतो. हे सगळं सोडा. गंगेवर फुलं विका आणि दुपारी घरी या. आई ताट घेऊन बसते. बघतो म्हणा, तात्या.’’

काकू दारात आल्या होत्या. तात्यांनी मुलाकडे बघितलं. त्यांना ‘हो’ म्हणणं किती सोपं होतं. कोणताही बाप म्हणाला असता, बरं बघू, आणि स्कूटरवर बसला असता.

‘‘नाय, विला,’’ ते म्हणाले. ‘‘त्ये व्हनार नाय. लई जनांला शबूद दिल्यात.’’

विलास म्हणाला, ‘‘तुम्ही आमचं बघावं म्हणून आम्ही काय मरायचं का?’’ आणि खाली वाकून पाटी भरायला लागला. तात्या स्कूटरवर बसून गेले. त्या दसऱ्याला फुलांना भाव चांगला होता, एवढंच त्या संध्याकाळी त्या घरात बोललं गेलं.

त्याच वर्षी माघात विलास गेला. दिंडोरीला लग्नाची फुलं पोचवून मोटारसायकलवर परत येत होता. वळणावर द्राक्षाच्या क्रेट भरलेला ट्रॅक्टर उभा होता, त्याला मागे दिवा नव्हता. मी याहून जास्त लिहू शकत नाही.

दहाव्याला गंगेवर एवढी गर्दी मी कधी पाहिली नाही. ज्यांचं ज्यांचं तात्या बघत होते ती सगळी आली होती. तो अपंग लेक होता, गवंड्याची पोरगी होती, पेटीवाले आजोबा काठी टेकत आले होते. पिंड मांडला आणि सगळे मागे सरले. कावळे होते. भिंतीवर, तारेवर, देवळाच्या पायऱ्यांवर. एकही खाली आला नाही.

विलासचे मित्र पुढे झाले. ‘‘विल्या, आईचं आम्ही बघू.’’ मामा म्हणाले, मळा विकू देणार नाही. काकूंना दोघींनी धरून पुढे आणलं. त्या दहा दिवसांत अन्नाला शिवल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, ‘‘बाळा, मी जेवेन रे. आज जेवेन.’’ एक कावळा भिंतीवरून उडाला, पिंडावरून गेला आणि पलीकडे जाऊन बसला.

मग गर्दी हळूहळू तात्यांकडे वळली. या माणसाने गंगेवर परक्यांसाठी किती वेळा टोपी काढली होती ते तिथल्या चहावाल्यालाही माहीत होतं. विलासला काय हवं होतं तेही दसऱ्याच्या आदल्या दिवशी अंगणात असलेल्या आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तात्यांच्या हातात टोपी होती.

‘‘अहो, म्हणा,’’ काकू म्हणाल्या.

‘‘तात्या, म्हना ना,’’ हौसा म्हणाली. ‘‘सोडतो म्हना. आमचं आमी बघू.’’

तात्यांनी हौसाकडे बघितलं, मग त्या अपंग मुलाकडे, मग आजोबांकडे. मला वाटलं, आता म्हणतील. माझी वैज्ञानिक अक्कल गुंडाळून मी मनात म्हणत होते, म्हणा हो तात्या, कावळ्यासाठी नाही तर काकूंसाठी म्हणा. तात्या गुरुजींकडे वळले.

‘‘गुरुजी, दर्भाचा करा.’’

गुरुजी म्हणाले, ‘‘तात्या, थांबू थोडं. काही घाई नाही.’’

‘‘नाय. करा.’’

गुरुजींनी दर्भाची गाठ बांधली आणि पिंडाला टेकवली. काकूंनी ते बघितलं, आणि पदर तोंडावर घेऊन त्या एकट्याच पायऱ्या चढून गेल्या.

नंतर कितीतरी दिवसांनी तात्या माझ्या जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. मी चहा नेला. बशी त्यांनी तशीच धरून ठेवली. म्हणाले, ‘‘बाई, त्याला काय पायजे व्हतं ते मला ठावं व्हतं. म्हनलो आस्तो तर आला आस्ता कावळा. पन मंग त्या समद्यांचं काय? त्यांनी कुनाकडं जायाचं? आन नुस्तं म्हनायचं म्हनून म्हनलो आस्तो तर...’’ ते थांबले. ‘‘जल्मात फसवलं नाय कुनाला. पयलं पोरालाच फसवायचं व्हय?’’

मला त्यांचा राग आला होता, आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसंही वाटत होतं. मी दोन्हीतलं काहीच केलं नाही. चहा निवला तो नेऊन ओतला.

त्यानंतर त्यांनी कोणालाही नवीन शब्द दिला नाही. गंगेवरून माणूस धावत आला की म्हणायचे, ‘‘आपल्याच्यानं व्हत नाय आता.’’ रामकुंडाजवळची जागाही सोडली, फुलं बाजारात नेऊन घालू लागले. जुने शब्द मात्र चालूच होते. हौसाने एकदा त्यांना सांगून पाहिलं, ‘‘तात्या, माज्यापुरतं मी तुमाला सोडलं. मी जाते भैनीकडं.’’ तात्या म्हणाले, ‘‘तू कोन सोडनारी? तुला कुटं दिलता? तुज्या सासूला दिलता.’’ हौसा राहिली. मग हळूहळू त्या शब्दांचे धनी आपोआप संपत गेले. अपंग मुलाला बहिणीने नेलं. गवंड्याची पोरगी नर्स झाली. पेटीवाले आजोबा गेले, आणि त्यांच्या दहाव्याला तात्या सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून उभे राहिले. कावळा पहिल्याच वेळी शिवला.

काकू त्यांच्याशी भांडल्या नाहीत. स्वयंपाक करायच्या, ताट वाढून ठेवायच्या आणि आत निघून जायच्या. बोलणं मात्र दहाव्यापासून बंद होतं.

मी एकदा विचारलं, ‘‘तात्या, तुम्ही आता विलासच्या मनासारखंच तर वागताय. एकदा गंगेवर जाऊन त्याला सांगून का टाकत नाही?’’

‘‘आता बघतो म्हनायची लाज वाटती, बाई,’’ ते म्हणाले.

संपादकसाहेब, तुम्ही नायकाची शक्ती विचारलीत. माझ्या बघ्याला खोटं बोलता येत नाही, एवढीच त्याची शक्ती. त्याची दुखरी नसही तीच. कादंबरीचा शेवट मी इथे सांगणार नाही, पण तो मी तीनदा लिहिला आणि तिसऱ्यांदा कावळ्यांना थोडं शहाणपण दिलं. त्यांना मी माफ करायला लावलं. कादंबरीत ते आपल्या हातात असतं. मी लिहिताना हमसून हमसून रडले, आणि तरी मला ते पुरेसं वाटत नाही.

तात्यांना मी शेवटचं पाहिलं ते मी निवृत्त होऊन संगमनेरला बहिणीकडे राहायला निघाले तेव्हा. सामानाचा टेम्पो पुढे गेला होता. मी माडीची किल्ली द्यायला खाली उतरले. दुपार होती. काकू चुलीपाशी पाटावर बसून भाजी निवडत होत्या, मी त्यांच्याजवळ टेकले. तात्या बाजारातून आले, टोपी खुंटीला अडकवली आणि उंबऱ्याच्या आत, भिंतीला धरून उभे राहिले. पाहुणा माणूस उभा राहतो तसे. मला बघून ते ओशाळल्यासारखं हसले. मग काकूंच्या पाठीकडे बघून म्हणाले, ‘‘पानी मिळंल का?’’

काकूंनी मान वर केली नाही. मी उठायला लागले तर त्यांनी हाताने मला बसवलं.

तात्या माठाकडे गेले. फळीवर भांडी ओळीने लावलेली होती. कुठल्या बाईच्या घरात रॉकेलचा डबा कुठे असतो, कुठल्या म्हाताऱ्याची औषधं कोणत्या कोनाड्यात असतात, हे ज्यांना अंधारात सापडायचं, ते तात्या स्वतःच्या घरातल्या फळीवर हात फिरवत पाणी प्यायला भांडं शोधत होते. शेवटी एक स्टीलचा पेला हाताला लागला तो त्यांनी उचलला.

‘‘तो नको,’’ काकू म्हणाल्या. ‘‘तो त्याचा आहे.’’

दहाव्यानंतर मी ऐकलेलं हे त्यांचं तात्यांशी पहिलं बोलणं. तात्यांनी पेला उजेडाकडे धरला. त्यावर विलासचं नाव घातलेलं होतं. ते त्यांनी एकेक अक्षर जोडत वाचलं, इतक्या सावकाश की त्यांनी ते आयुष्यात पहिल्यांदाच वाचलं असावं. पेला दोन्ही हातांनी होता तिथे ठेवला. दुसरं भांडं काही घेतलं नाही. तसेच उभे राहिले, रिकाम्या हातांनी.

मग काकू उठल्या. माठातून तांब्या भरला. तात्या खाली उकिडवे बसले, त्यांनी ती पिवळी बोटं जुळवून ओंजळ पुढे केली, आणि काकू वरून पाणी ओतत राहिल्या. मी किल्ली उंबऱ्यावर ठेवली आणि निघाले.